अंगठ्याच्या मुळाशी कळ येतेय, क्रोशा सोडावाच लागेल का?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार मंडळी. मी चिपळूणची, वय ५३, एका शाळेच्या ऑफिसात लिपिक आहे. पावसाळ्यापासून उजव्या हाताने फार सतावलंय. अंगठ्याच्या मुळापासून जरा वर, मनगटाच्या कडेला जे हाड हाताला लागतं ना, बरोबर तिथे दुखतं. बरणीचं झाकण, दाराची किल्ली, ओलं कापड, काहीही पिरगाळायला गेलं की अशी कळ जाते की हातातली वस्तू सुटते. गेल्या आठवड्यात सांडशीतून दुधाचं पातेलं निसटलं. सुदैवाने पायावर पडलं नाही. सकाळी त्या जागी थोडी सूज असते. मुंग्या किंवा बधिरपणा अजिबात नाही.

घरची परिस्थिती सांगते. लेक बाळंतपणाला आली आहे, नात साडेचार महिन्यांची. लेकीची २६ आठवड्यांची रजा संपत आलीय, मग ती ठाण्याला जाईल. सासूबाई ८० च्या पुढे. मला साखरेची गोळी चालू आहे, पण साखर ताब्यात आहे.

आणि मी क्रोशा करते. रात्री सगळं आवरलं की अर्धा-पाऊण तास, रेडिओ लावून. पुतणीचं लग्न मार्गशीर्षात आहे, तिच्या रुखवतासाठी तोरण आणि ताटावरचे रुमाल घेतलेत करायला. तोरण निम्मं झालंय.

जवळच्या डॉक्टरांनी हात जरासा बघितला आणि म्हणाले, वयाप्रमाणे होतं, विणकाम बंद करा. लावायला जेल, दुखलं तर गोळी आणि मनगटाला बांधायचा पट्टा दिला. पट्ट्याने काडीचा फरक नाही. घरी मात्र सगळ्यांना निकाल मिळाल्यासारखं झालंय. अहो दोऱ्याचा डबाच माळ्यावर टाकायला निघाले होते.

तर कुणाला असं झालंय का? अस्थितज्ज्ञाकडे जाऊ की फिजिओकडे? आणि क्रोशा खरंच सोडावा लागेल?

आळशी_मांजर

अगदी हेच मला धाकट्याच्या वेळी झालं होतं! डाव्या हाताला. बाळ तीन-चार महिन्यांचं झालं, वजन वाढलं आणि हात गेला. डॉक्टरांनी "डी क्वेर्वेन" असं काहीतरी भारदस्त नाव सांगितलं, मला आधी वाटलं दुर्धर काही झालंय. अंगठ्यासकट बांधायचा स्प्लिंट दिला होता. कंटाळा येतो, पण बरं वाटलं.

नारळीपाक

काकू, निर्गुडीचा पाला गरम करून शेक घ्या आणि नारायण तेलाने दाबून दाबून मालिश. आमच्याकडे मालवणला एक आजी आहेत, शीर चढली असेल तर एका दिवसात बसवून देतात.

हातपाय

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापूरला. हात न बघता निदान करणार नाही, पण वर्णन फार ओळखीचं आहे.

अंगठा बाहेर ताणणारे आणि उचलणारे दोन स्नायूबंध मनगटाच्या त्या कडेला एका अरुंद बोगद्यातून जातात. अंगठा फाकवून मनगट वाकवायचं काम पुन्हा पुन्हा झालं की बोगद्याचं अस्तर जाड होतं आणि आतली हालचाल घासायला लागते. फ्रिट्झ डी क्वेर्वेन नावाच्या स्विस शल्यविशारदाने १८९५ साली याचं वर्णन केलं, म्हणून ते नाव. नाव भारदस्त असलं तरी दुर्धर वगैरे काही नाही. तान्ह्या बाळांच्या आयांमध्ये आणि बाळ सांभाळणाऱ्या आज्यांमध्ये आम्ही हे नेहमी बघतो. मधुमेह असला की हाताच्या स्नायूबंधांच्या तक्रारी एकूणच जास्त दिसतात.

घरी एक करून बघा, पण हळू. अंगठा तळहातात घ्या, वरून चार बोटांची मूठ मिटा आणि मूठ करंगळीच्या बाजूला खाली झुकवा. त्या कडेच्या हाडावर जीव जाईल अशी कळ आली, तर संशय पक्का होतो. थोडं ताणल्यासारखं प्रत्येकालाच होतं, ते धरू नका. दुसरा हातही करून बघा म्हणजे फरक कळेल.

दुखण्याची जागा मात्र नीट बघा. तुमच्या वयात अंगठ्याच्या अगदी बुडाशी जो सांधा आहे त्याची झीजही होते. ते दुखणं तळहाताच्या बाजूला, जरा खाली असतं आणि चिमटीत जोर लावला की जाणवतं. दोन्ही एकत्रही असू शकतात. म्हणून आधी अस्थितज्ज्ञ, गरज वाटली तर ते एक्स-रे काढतील. नंतर फिजिओ.

तुम्हाला दिलेला पट्टा फक्त मनगटाचा असेल तर त्याचा उपयोग होणार नाही, कारण अंगठा मोकळाच राहतो. अंगठ्याला आधार देणारा स्प्लिंट लागतो. मेडिकलवाल्याकडे "थम्ब स्पायका" मागा. बोटांची पेरं आणि अंगठ्याचं टोक मोकळं असलं पाहिजे. साधारण चार ते सहा आठवडे. दुखऱ्या जागी रुमालात गुंडाळलेला बर्फ दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटं.

@नारळीपाक, शेकाने बरं वाटत असेल तर माझं काही म्हणणं नाही. पण दाबून मालिश नको. आधीच घासल्या गेलेल्या जागेवर अजून घासायचं कशाला? आणि "शीर बसवणं" तर अजिबातच नको.

आता मला सांगा, दिवसभर तुमचा उजवा हात काय काय करतो?

वाशिष्ठीकाठ

बापरे, मूठ झुकवली आणि डोळ्यांत पाणी आलं. डाव्याला काहीच नाही.

दिवसाचं म्हणाल तर सकाळी बाळाची आंघोळ माझ्याकडे. पायावर घेऊन घालते, मग उचलणं, पुसणं, दुपट्यात गुंडाळणं. लंगोट आणि दुपटी हातानेच धुते, मशीनमध्ये टाकायला मन होत नाही. पावसात वाळत नाहीत म्हणून पिळून पिळून घालते. मग डबा, कणीक, नारळ खवणं (कोकणात नारळाला सुट्टी नाही). शाळेत दाखले, हजेरीपत्रकं, कॉम्प्युटर. संध्याकाळी आल्यावर बाळ माझ्याकडेच असतं, लेकीला तेवढाच श्वास. नातीला आता काखेत हात घालून उचललेलंच आवडतं, वर उडवलं की खुदखुदते. दिवसातून किती वेळा उचलते याला हिशोब नाही. आणि रात्री तो क्रोशा.

मुका_खांब

ताई, तुम्ही लिहिलेलं तुम्हीच परत वाचा बरं. पहाटेपासून आंघोळ, पिळणं, मळणं, खवणं, सात किलोचं बाळ उडवणं, मध्ये पूर्ण नोकरी. आणि बंदी कशावर आली? रात्रीच्या अर्ध्या तासावर! अहोंनी दोऱ्याचा डबा माळ्यावर टाकायला घेतला, लंगोटांची बादली का नाही हो उचलली?

दुखणं कशानेही होवो, घरात सर्वात आधी बाईचं तेच बंद होतं जे बंद झाल्याने दुसऱ्या कुणाचं काही अडत नाही. रागाने लिहितेय, माफ करा. माझ्या जावेचं पेटी वाजवणं असंच मानदुखीच्या नावाखाली बंद झालं. मान अजून दुखतेच, कारण शिवणयंत्र चालूच आहे.

बाकी क्रोशाला काहीच दोष नाही असं मी म्हणत नाही. तीस-एक वर्षं करतेय, हात माझाही बोलतो. माझे अनुभव:

रुखवताचं काम म्हणजे बारीक दोरा आणि बारीक स्टीलची सुई असणार. त्या सुईला चिमटीत आवळावं लागतं, सगळा जोर अंगठ्यावर. सुईच्या दांड्याला पेन्सिलीला लावतात ती फोमची नळी चढवा, नाहीतर सुती पट्टी गुंडाळून दांडा जाड करा. लगेच फरक कळतो. पेनासारखी धरत असाल तर सुरीसारखी वरून धरून बघा, किंवा उलट. सुरुवातीला टाके वेडेवाकडे येतात, दोन ओळींत हात बसतो.

तुम्ही घट्ट विणता का? मुका खांब (क्रोशाचा एक टाका) घालताना सुई आत शिरायला जोर लागत असेल तर ताण जास्त आहे. एका मापाने जाड सुई घ्या. तोरण जड झालं की हातात लटकत ठेवू नका, मांडीवर उशी घेऊन तिच्यावर टेकवा. आणि एक पट्टी संपेपर्यंत उठायचं नाही ही जी आपल्या सगळ्यांची खोड असते ना, ती सोडा. दहा मिनिटांनी सुई खाली.

हातपाय

मुका खांब यांच्याशी पूर्ण सहमत. पहिले दोन-तीन आठवडे दुखणं भरात असताना क्रोशालाही विश्रांती द्या, पण कायमचा सोडायचं काही कारण दिसत नाही. आधी बाकीचं बदला:

बाळाला काखेत हात घालून, अंगठा आणि तर्जनीचा काटकोन करून उचलणं हेच या दुखण्याचं मुख्य खाद्य आहे. त्याऐवजी दोन्ही तळवे वर करून खालून घ्या, एक हात ढुंगणाखाली, एक पाठ-मानेखाली, आणि आधी छातीशी ओढून मग उठा. अंगठा बाकीच्या बोटांना चिकटलेला, मनगट सरळ. उडवणं आजोबांकडे.

पिळणं बंद. मशीनमध्ये नुसतं फिरवून घ्या, बाळाला काही होत नाही. नाहीतर कपडा नळावर अडकवून दोन्ही टोकं एका दिशेने फिरवा. त्यालाही जोर लागतोच, म्हणून मशीनच बरं. मोबाइलवर अंगठ्याने लिहू नका, मराठीत बोलून टाइप होतं.

आणि लेकीचे हात विचारा. बाळंतिणींमध्ये हे जास्त असतं आणि त्या सांगत नाहीत. पाजताना बाळाचं डोकं हाताने तोलून धरत असेल तर खाली उशी द्या.

भास्करराव

नारळ खवायचं विजेवरचं यंत्र मिळतं. आम्ही घेतलं. आवाज फार करतं, पण काम होतं.

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे आभार. अस्थितज्ज्ञांना दाखवून आले. एक्स-रेमध्ये सांध्याची झीज किंचित आहे, पण दुखणं तुम्ही म्हणता तेच. स्प्लिंट घेतला, बाळाला मशीनचे कपडे मानवले, खवायचं काम अहोंकडे गेलंय. वाटीभर खोबऱ्याला ते अर्धा तास लावतात आणि मग कवडी सगळ्यांना दाखवतात. असो, हातभार आहे.

लेकीला विचारलं तर म्हणते, "अगं, माझाही डावा दुखतो, मला वाटलं बाळंतपणाच्या टाक्यांचं औषध बंद केलं म्हणून." म्हणजे बघा! तिलाही दाखवलं, तिचं सुरुवातीचं आहे.

माझं साठ टक्के कमी आहे म्हणेन. डॉक्टर म्हणाले, आणखी काही आठवड्यांत पूर्ण नाही गेलं तर त्या बोगद्यात एक इंजेक्शन देऊ. स्टेरॉइड म्हटल्यावर धस्स झालं. साखर वाढते ना त्याने? कुणी घेतलंय का?

सुपारी_बाग

मी घेतलंय, मीही साखरवाली. टोचताना दुखलं, दोन दिवस ठणकलं, मग मात्र जादू. साखर चार-पाच दिवस वर होती, नंतर आपोआप जागेवर. टोचल्या जागी त्वचेवर छोटा पांढुरका डाग राहिलाय, तो हळूहळू भरतोय.

हातपाय

सुपारी बाग यांनी नेमकं सांगितलं. एकाच जागी दिलेलं इंजेक्शन म्हणजे रोज स्टेरॉइडच्या गोळ्या खाणं नव्हे. बऱ्याच जणांना एक किंवा दोन पुरतात. साखर काही दिवस वाढते, म्हणून तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना आधी सांगा, त्या आठवड्यात घरी जास्त वेळा तपासा आणि आपल्या मनाने गोळी वाढवू नका. डाग किंवा तिथली त्वचा पातळ होणं सावळ्या हातावर जास्त उठून दिसतं, एवढं माहीत असू द्या. त्यानेही नाही भागलं तर बोगद्याचं छत उघडायची छोटी शस्त्रक्रिया असते, तेवढा भाग बधिर करून. तिथवर फार थोडे जातात.

दुखण्याच्या गोळ्या मात्र स्वतःहून लांबवू नका, तुमच्या वयात आणि मधुमेहात मूत्रपिंडाचा विचार करावा लागतो. जेल चालेल.

कळ बसली की अंगठ्याचे सावकाश व्यायाम सुरू करायचे, ते तिथल्या फिजिओकडून हाताला हात लावून शिका, व्हिडिओ बघून नको.

मुका_खांब

ताई, तोरणाचं काय? मार्गशीर्ष आलाच. चौकोनाचौकोनांचं जोडतोरण असेल तर मला झालेल्या एका चौकोनाचा जवळून फोटो पाठवा, उरलेले मी घालते. माझी बहीण तुमच्या चिपळूणजवळ सावर्ड्याला असते, तिच्याकडे पोचवीन. जोडणी तेवढी तुम्ही करा, त्याला अंगठा फारसा लागत नाही. माझा हात जरा सैल आहे, म्हणून दोरा वीस नंबर आहे की चाळीस आणि सुई कुठली ते आधी कळवा, नाहीतर चौकोन लहानमोठे होतील.

वाशिष्ठीकाठ

अहो, काय बोलू! दोरा वीस नंबरचा, मोतिया रंग. सुईवरचा आकडा पुसलाय, उद्या दुकानात लावून बघते आणि कळवते. सात चौकोन राहिलेत. चार तुम्ही घाला, तीन मी रोज थोडे थोडे करते, फोमची नळी लावलीय.