परिसीमन, पुनर्रचना, जागावाढ : कोणता शब्द कशासाठी?

ऐरोलीची शिक्षिका :
नमस्कार. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा आहे. विषय आहे 'लोकसभेची सदस्यसंख्या मोठ्या प्रमाणात वाढवावी'. तयारीच्या टिपणांत मुलं सगळीकडे 'परिसीमन' हा एकच शब्द वापरताहेत. एकीने लिहिलंय, 'परिसीमन झालं की खासदार वाढतील.' दुसरा म्हणतो, 'परिसीमनामुळे दक्षिणेचं नुकसान होईल.' तिसरीचा मुद्दा असा, की परिसीमन 2008 मध्ये झालंय, मग आता पुन्हा कशाला? तिघांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण तिघं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. हा शब्द मराठीत रुळलेला मानायचा का? आणि 'जागावाढ' म्हटलेलं चालेल का?

नौपाडा वाचनालय :
'परिसीमन' संस्कृत घडणीचा आहे, पण आपल्याकडे तो हल्लीच हिंदी बातम्यांतून जास्त ऐकू यायला लागला. मराठी वर्तमानपत्रं पूर्वापार 'मतदारसंघांची पुनर्रचना' असंच लिहीत आली. परि म्हणजे सभोवार, सीमन म्हणजे हद्द. शब्दात वाढ कुठेच नाही. हद्द आखण्यापुरता वापरला तर माझी हरकत नाही.

कोपरीचा वाचक :
ताई, तुमच्या मुलांचा गोंधळ वर्तमानपत्रांतही आहे आणि सभांतल्या भाषणांतही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

राज्यघटनेत ही तीन कामं वेगळी आहेत. लोकसभेत जास्तीत जास्त किती सदस्य असावेत ते कलम 81 मध्ये आहे : राज्यांतून 530 आणि केंद्रशासित प्रदेशांतून 20. प्रत्यक्षात निवडून येतात 543. ही मर्यादा ओलांडायची तर घटनादुरुस्ती लागेल. याला मी 'सदस्यसंख्येतील वाढ' म्हणेन. 'जागावाढ' चुकीचा नाही, पण तो शब्द ऐकला की वैद्यकीय प्रवेश आठवतात. दुसरं आणि तिसरं काम कलम 82 मध्ये एकाच वाक्यात आहे : कोणत्या राज्याला किती जागा, आणि त्या राज्याचे मतदारसंघ कसे पाडायचे. राज्याला जागा देण्याला 'जागांचं फेरवाटप' म्हणावं, मतदारसंघ पाडण्याला 'मतदारसंघरचना'. परिसीमन म्हणजे फक्त हे शेवटचं.

आता 2008. त्या वर्षी न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाची रचना लागू झाली. 2001 च्या जनगणनेवरून हद्दी बदलल्या, पण एकूण जागा 543 च राहिल्या आणि महाराष्ट्राच्या 48 मध्येही फरक पडला नाही. कारण राज्यांच्या जागा 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने 1971 च्या जनगणनेवर गोठवल्या होत्या, आणि पुढे 84 व्या दुरुस्तीने ती मुदत 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. म्हणजे तुमच्या तिसऱ्या विद्यार्थिनीचं परिसीमन खरंच झालंय. पहिलीची वाढ आणि दुसऱ्याचं फेरवाटप मात्र झालेलं नाही.

एकूण आकडा तसाच ठेवून जागा इकडच्या तिकडे केल्या की काय होतं, ते राज्याच्या आत आपल्याच भागात घडलंय. 2008 पूर्वी ठाणे जिल्ह्यात ठाणे आणि डहाणू असे दोन लोकसभा मतदारसंघ होते. नंतर पालघर, भिवंडी, कल्याण, ठाणे असे चार झाले. लोकसंख्या पाहता ते योग्यच होतं. पण राज्याचा आकडा 48 वर बांधलेला, म्हणून इकडे वाढलेल्या जागा राज्यात दुसरीकडे कमी झाल्या. कोकणात कुलाबा, रत्नागिरी आणि राजापूर असे तीन होते, त्यांच्या जागी रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग असे दोन उरले. ज्या राजापूरने बॅ. नाथ पै आणि मधु दंडवते यांना दिल्लीला पाठवलं, तो मतदारसंघच नकाशावरून गेला. ठाण्यात निम्मी घरं कोकणातली. मुलगा इथे नोकरीला आला आणि त्याच्यामागून गावाकडची जागाही इकडे आली, असं झालं. हेच राज्याराज्यांत झालं तर लोकसंख्या कमी वेगाने वाढलेल्या राज्यांच्या जागा कमी होतील; तमिळनाडू, केरळ का घाबरतात ते मुलांना यावरून नीट कळेल. तमिळनाडूने हे एकदा सोसलंय : 1962 ला त्यांचे 41 खासदार होते, 1967 ला 39 झाले.

एकूण आकडा वाढवला तर कुणाचीही जागा कमी न करता वाढत्या शहरांना जागा देता येतात. म्हणून मी वाढीच्या बाजूने आहे. पण वाढीनंतर प्रत्येक राज्याचं प्रमाण काय असावं, हा वाद त्यानंतरही उरतो. तो वेगळ्या नावाने, वेगळा मांडायला हवा.

खारघर सेक्टर बारा :
पत्ता नवी मुंबईचा, पण आम्ही मत देतो मावळमध्ये. पनवेल, कर्जत, उरण आणि घाटापलीकडचे मावळ, चिंचवड, पिंपरी मिळून एक मतदारसंघ. बेलापूर, ऐरोलीचे लोक ठाण्यात मत देतात, तिकडे मीरा-भाईंदरही त्यांच्याबरोबर. हद्द कशी आखली जाते याचा अर्थ मला इथे कळला.
शब्दाबद्दल : महापालिकेच्या निवडणुकीआधी 'प्रभागरचना' जाहीर होते, तिच्यावर हरकती-सूचना मागवतात, सोसायटीतल्या आजीलाही तो शब्द ठाऊक असतो. मग 'मतदारसंघरचना' कुणालाही कळेल. आणि 'मतदारसंघ' म्हणजे मतदारांचा संघ. जमिनीआधी त्या शब्दात माणसं येतात.

वाशी जुहूगाव :
कोपरीच्या काकांचा अभ्यास चांगला आहे, पण विरुद्ध बाजूही मुलांना द्या. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न घेतात. सदस्य दुप्पट झाले तरी दिवस तेवढाच. नवीन सभागृहात 888 आसनं आहेत, पण आसन मिळालं म्हणजे बोलायला वेळ मिळाला असं नाही. पक्षांतरबंदीमुळे मतही पक्षादेशानेच द्यायचं. मग वाढेल ते फक्त संख्याबळ.

कोपरीचा वाचक :
वाशीकर, तुमचा आक्षेप खरा आहे, पण 'संख्याबळ' हा शब्द इथे नको. संख्याबळ पक्षाचं किंवा आघाडीचं असतं. सभागृहाची ती 'सदस्यसंख्या'. दोन्ही मिसळले की मुलांना वाटेल, सदस्य वाढवणं म्हणजे कुणाला तरी बहुमत देणं.
वेळेचं म्हणाल तर खासदाराचं मोठं काम सभागृहाबाहेरही असतं. विभागनिहाय 24 स्थायी समित्या आहेत, तिथे विधेयकं आणि खात्यांच्या मागण्या तपासतात. शिवाय माणसांची गाऱ्हाणी. 1952 मध्ये 489 निवडून आलेले सदस्य होते, म्हणजे 1951 च्या जनगणनेप्रमाणे एका खासदारामागे सव्वासात लाखांच्या आसपास माणसं. 2011 च्या जनगणनेप्रमाणे ती 22 लाखांवर गेली. ब्रिटनमध्ये 650 सदस्य आहेत आणि एकामागे साधारण एक लाख. ठाणे मतदारसंघात 2024 ला नुसते मतदारच सुमारे 25 लाख होते. खासदार निधी मात्र सगळ्यांना सारखाच, वर्षाला 5 कोटी, लक्षद्वीपलाही आणि ठाण्यालाही. ऐरोलीतल्या माणसाने आपल्या खासदाराला गाठायचं तरी कसं?

वाशी जुहूगाव :
गाठण्याचा मुद्दा मान्य. तरी सदस्य वाढवायचे तर अधिवेशनाचे दिवसही वाढवा, ही अट मी सोडणार नाही. मुलांनी ती विरुद्ध बाजूने जरूर मांडावी.

नौपाडा वाचनालय :
जाता जाता, 'खासदार'. खास हा अरबी, दार हा फारसी प्रत्यय, किल्लेदार आणि जमीनदारातला. लोकसभा हे सामान्यांचं सभागृह, पण तिथल्या सदस्यालाही आपण खासच म्हणतो. औपचारिक लेखनात 'लोकसभा सदस्य' बरं, म्हणजे राज्यसभेचे खासदार वेगळे कळतात. या वादात ते महत्त्वाचं आहे, कारण राज्यसभेच्या जागा निराळ्या नियमाने ठरतात.

ऐरोलीची शिक्षिका :
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलांना आता तीन शब्द देते : सदस्यसंख्येतील वाढ, जागांचं फेरवाटप, मतदारसंघरचना. महिला आरक्षणाचं काय? 2023 ची 106 वी घटनादुरुस्ती परिसीमनानंतर लागू होणार, असं पुस्तकात आहे. तिथे कोणता शब्द घालू?

कोपरीचा वाचक :
तिथे 'परिसीमन'च ठेवा, ताई. त्या दुरुस्तीत तो कायद्याचा शब्द म्हणून आलाय : आधी नवी जनगणना, मग तिच्या आधारे परिसीमन, मग आरक्षण. कंसात 'मतदारसंघरचना' लिहा. आणि मुलींना हे नक्की सांगा, की त्यासाठी एकूण सदस्य वाढलेच पाहिजेत असं त्या दुरुस्तीत कुठे म्हटलेलं नाही.