अनुभव धागा: शेजारच्या घरांमधला खजिन्याचा खेळ

गुहागर तालुक्यातल्या आमच्या वाडीत पाखाडीला लागून चार घरं. मे महिन्यात चाकरमानी आले की पोरांचा आकडा सतरा-अठरावर जायचा आणि दुपारची निजानीज झाली की खजिन्याचा खेळ सुरू व्हायचा. नियम एकच, पण कडक: ज्या घराने खजिना लपवायचा, त्याने तो स्वतःच्या आवारात लपवायचा नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी घरोघरी विचारत फिरावं लागे. "काकू, तुमच्या न्हाणीच्या चुलीमागे एक चिठ्ठी ठेवू का?" कोणाची विहीर किती हात खोल, कोणाची गाय मारकी, कोणाच्या माळ्यावर आठळ्या मातीत घोळवून ठेवल्यात, हे सगळं मला त्या फेरीत कळलं. खजिना म्हणजे पितळी डबा. आत आंब्याची साठं, फणसपोळी आणि भाजलेले काजू.

आता चारपैकी दोन घरांना कुलूप असतं. उरलेल्या दोघांनी यंदा पुन्हा खेळ मांडायचं ठरवलंय. तुमच्याकडे तो कसा खेळत, चिठ्ठ्या कुठे ठेवत, काय फसलं, ते सविस्तर लिहा. मला खरंच हवं आहे.

हर्णैजवळून:
आमचा खेळ पुळणीवर. पहिल्या वर्षी सुरूच्या बनापासून वीस पावलं खाली डबा पुरला आणि जेवून परत येईतो समुद्राने नेला. मी तेव्हा आठ वर्षांची होते, फार रडले. आजोबांनी दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसवून हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच, आणि भरती दिवसातून दोनदा. ओहोटी त्याच्या साधारण सव्वासहा तास आधी आणि तेवढीच नंतर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी नेहमीच्या रेषेच्या वर चढतं, तेव्हा त्या दोन-तीन दिवसांत वाळूत काहीही पुरायचं नाही. घड्याळाच्या मिनिटाला हा हिशेब लागत नाही, पण खेळाला पुरतो. पुढे कालवं काढायला जाताना मी हाच वापरला, आजही वापरते.

रत्नागिरीहून, एकच गोष्ट, पण जरूर वाचा:
गडग्याच्या, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणाच्या, फटीत चिठ्ठी ठेवू नका. जांभ्याच्या दगडांमध्ये फुरसं असतं, वीतभर दिसतं पण विषारी आहे. ते वेटोळं अंगावर घासून करवतीसारखा आवाज करतं, पण पोरांच्या ओरड्यात तो ऐकू येत नाही. आमच्या शेजारच्या मुलाला असंच चावलं. सरकारी दवाखान्यात वेळेवर लस मिळाली म्हणून वाचला. तेव्हापासून आमच्याकडे चिठ्ठी उघड्यावर, डोळ्यांच्या उंचीला, दोऱ्याने बांधलेली. हात घालायच्या आधी काठी आपटायची. आणि काजूच्या ओल्या बीच्या चिकाने गुप्त अक्षरं लिहायची हौस कोणाला आली तर थांबवा, हात उततात. लिंबाच्या रसाने लिहा, निखाऱ्यावर धरलं की अक्षरं उमटतात.

वेंगुर्ल्याजवळून:
आमच्या आणि शेजारच्या घरात बोलणं बंद होतं. मोठ्यांचं. मेरेवरच्या एका फणसावरून कोर्टात दावा. आम्हा पोरांना मात्र त्या फणसाचं एवढंच महत्त्व की त्याला आरपार ढोली होती, दोन्ही आवारांतून हात जायचा. शेवटची चिठ्ठी कायम तिथे. एकदा ढोली रिकामी निघाली. आम्ही एकमेकांवर चोरीचा आळ घेत भांडत होतो, तेवढ्यात शेजारची आजी काठी टेकत आली. "रे पोरांनू, थंय काय शोधतास? वांदर कागद व्हरी होतो, मी धरून ठेवलंय." पदराच्या गाठीतून चिठ्ठी काढून तिने माझ्याच हातात दिली. आई पडवीतून बघत होती, काही बोलली नाही. दावा पुढे कित्येक वर्षं चालला. पण दुसऱ्या सकाळी घावणे झाले तेव्हा आईने चार घावणे आणि नारळाचा रस माझ्या हाती मेरेपलीकडे धाडला.

मुंबईहून (गाव श्रीवर्धन तालुक्यात):
भाच्याने मोबाइलवर जीपीएसचे आकडे देऊन हाच खेळ मांडला. अमेरिकेत मे २०००मध्ये ऑरेगॉनच्या रानात एकाने बादली लपवून तिचे आकडे जगाला कळवले, तिथून हा प्रकार पसरला म्हणे. आमच्या वाडीत तो नीटसा जमला नाही. पोफळी नऊ-नऊ फुटांवर. यंत्र पाच-सात मीटर इकडेतिकडे दाखवतं, झावळ्यांखाली आणखी. म्हणजे डबा या पोफळीपाशी की पलीकडच्या, ते शेवटी कोड्यावरूनच ओळखावं लागलं.

दापोली तालुक्यातून:
३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. खेळाच्या जागांची माझी एक वही होती, अकरा खुणांची. वादळानंतर ती उघडली. अकरापैकी आठ खुणा झाडं होती आणि आठही आडवी झालेली. वही मिटून ठेवली.

२०२२च्या मे महिन्यात पोरं हट्टाला पेटली. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, नसलेल्या झाडांवरच कोडी घालूया. "ज्याच्या सावलीत रहाट फिरायचा", "जिच्या फुलांचे गजरे आजी वाळवून ठेवायची". पोरांना उत्तर सापडेना, कारण त्यांनी ती झाडं नीट पाहिलीच नव्हती. मग ती दोन्ही घरांतल्या म्हाताऱ्यांना विचारत सुटली. गुडघ्यांमुळे वर्षभर अंगणात न उतरलेले आमचे भाऊकाका काठी घेऊन बाहेर आले आणि जमिनीवर रेघ ओढून म्हणाले, "इथे होती बकुळ. बुंधा एवढा." तासाभरात संपणारा खेळ दिवे लागेपर्यंत चालला. डब्यात खाऊ नव्हता. प्रत्येक पोराच्या नावाची चिठ्ठी आणि विहिरीपाशी एकेक रोप: पाच माड, तीन पोफळी, एक बकुळ. मृगाचा पाऊस पडल्यावर आम्ही दोघींनी ती जुन्या खुणांच्या जागी लावली. बकुळ आता माझ्या खांद्याला लागते.

पुन्हा गुहागर:
दापोलीच्या ताईंचं आमच्या शेजारच्या काकूंना दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी पडलेल्या खोपीपासून वरच्या गोठ्यापर्यंत सहा जागा तिथेच सांगितल्या. कुलूपबंद घरांच्या मालकांना फोन केला. एकाने अंगण वापरायला दिलं, दुसऱ्याने विचारलं, मी येऊ का? दिवस वद्य पंचमीचा धरलाय. पाऊणपट केली तर भरती पावणेचारला, म्हणजे ओहोटी साडेनऊच्या सुमारास. पुळणीवरच्या चिठ्ठ्या आठ वाजता लावायला घेतो, डबा मात्र वर, काकूंच्या न्हाणीच्या चुलीमागे.