मदत हवी आहे: रात्रीच्या ओलितातही रोज वापरता येईल असं परवडणारं ऑटोमॅटिक डायव्हर घड्याळ

नमस्कार मंडळी. आर्वीकडे (जि. वर्धा) आमची शेती आहे. खरिपात कापूस, तूर, सोयाबीन. रब्बीत विहिरीच्या पाण्यावर हरभरा आणि थोडा गहू. मला रोज हातात राहील असं एक ऑटोमॅटिक (सेलशिवाय, हाताच्या हालचालीवर चालणारं) डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठीचं घड्याळ घ्यायचं आहे. बजेट वीस हजारांच्या आसपास, फारच पटलं तर पंचवीस. कापसाचा चुकारा आला आहे आणि घरी बोलणंही झालं आहे. त्यामुळे घ्यायचं हे नक्की. कोणतं घ्यावं आणि ते माझ्या कामात टिकेल का, एवढंच विचारायचं आहे.

काम काय ते आधी सांगतो, कारण या घड्याळांचे व्हिडिओ करणारे बहुतेक लोक टेबलाशी बसून बोलतात. शेतीची वीज आमच्याकडे काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते. रात्रीची पाळी आली की हरभऱ्यात स्प्रिंकलर लावून धुऱ्यावर बसायचं. एका जागी ठरलेला वेळ पाणी पडलं की मोटर बंद करायची, पाईप उचलून पुढच्या पट्ट्यात जोडायचे आणि पुन्हा मोटर चालू. गव्हाला दांडाने पाणी देताना तर वाफ्यागणिक वेळ पाहावी लागते. हात चिखलाने भरलेले आणि डिसेंबरच्या थंडीने आखडलेले असतात. अशा हातांनी खिशातून मोबाईल काढणं जमत नाही, आणि एकदा तो दांडात पडला की गेलाच.

डायव्हर घड्याळाची फिरणारी कडी, म्हणजे बेझल, मला इथेच कामाची वाटली. तिचा त्रिकोण मिनिट काट्यासमोर आणला की किती मिनिटं झाली ते हिशेब न करता दिसतं. ती एकाच बाजूला फिरते, त्यामुळे धक्का लागला तरी झालेला वेळ जास्तच दिसतो, कमी कधीच नाही. पाणबुड्याचा त्यावर जीव अवलंबून असतो. माझा हरभरा असतो: आमच्या भारी काळ्या जमिनीत पाणी जास्त झालं की तो उभळतो, मग घाटे धरायच्या वेळी नुसता पाला हाती येतो. अंधारात काटे आणि खुणा दिसणं हीसुद्धा माझी रोजची गरज आहे.

खोलीचं मात्र काही नाही. आमची विहीर चाळीस फूट, आणि घड्याळावर 200 मीटर लिहिलेलं. मला हवी आहे ती स्क्रूसारखी आवळून बसणारी चावी आणि चांगलं रबरी गॅस्केट, म्हणजे पाणी आत जाऊ न देणारी कडी.

सेलवर चालणारं क्वार्ट्झ का नको, असं कोणीतरी विचारेलच. आधीचं क्वार्ट्झ घड्याळ चांगलं होतं. सेल बदलायला तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानात दिलं. मागचं झाकण बसवताना गॅस्केट नीट बसलं नाही आणि पहिल्याच पावसात काचेच्या आतून वाफ धरली. दर दोन-तीन वर्षांनी झाकण उघडावं लागणारं घड्याळ पाण्यात वापरायचं आणि ते उघडणाऱ्याकडे दाब तपासायचं यंत्र नाही, हे जुळत नाही. ऑटोमॅटिकचं झाकण बरीच वर्षं बंद राहतं.

पाहून ठेवलेली घड्याळं अशी. ओरिएंट कामासू: 200 मीटर, आवळणारी चावी, सफायर काच, आत एफ6922 मशीन. कंपनी दिवसाला अधिक 25 ते उणे 15 सेकंदांचा फरक धरते. मला तो चालतो, आठवड्याला एकदा वेळ जुळवून घेईन. सेइको 5 स्पोर्ट्स (2019 नंतरची) दिसायला सगळ्यांत आवडली, पण ती 100 मीटरची आहे आणि चावी नुसती दाबून बसते. सेइकोच्याच जुन्या एसकेएक्स007 या डायव्हर घड्याळाचा चेहरा घेतला आणि पाणबुड्याचं अंग सोडून दिलं, हे मनाला लागतं. सिटिझन प्रोमास्टर एनवाय0040 ची चावी डाव्या बाजूला आठच्या आकड्याशी आहे, म्हणजे फावडं धरताना मनगटाच्या मागे रुतणार नाही. काच मात्र साधी मिनरल.

माझे प्रश्न: मे महिन्यात इथे पारा 45 च्या वर जातो, त्याने गॅस्केटचं काय होतं? फावडं-कुदळीच्या हादऱ्याने ऑटोमॅटिक बिघडतं का? सफायर घ्यावी की मिनरल? आणि मनगट साडेसहा इंच आहे, 42 मिलिमीटर मोठं दिसेल का?

प्रतिसाद:

भाऊ, मी अमरावतीचा. घड्याळं उघडून साफ करण्याचा जुना नाद आहे, त्यावरून लिहितो.

काचेचं आधी. रेतीतल्या गारगोटीच्या कणाचा कठीणपणा मोहस श्रेणीत 7, सफायरचा 9. मिनरल काच गारगोटीपेक्षा मऊ असते. चिखलाचा हात पँटला पुसता तसं घड्याळ पुसलं की मिनरलवर ओरखडे उठणारच. सफायरवर ते उठत नाहीत, पण ती कडक असल्यामुळे दगडावर जोरात आपटली तर तडकू शकते. तुमच्या कामाला मी सफायरच घेईन.

उन्हाने गॅस्केट हळूहळू कडक होतं. त्याहून वाईट म्हणजे तापलेलं घड्याळ एकदम विहिरीच्या गार पाण्यात बुडवणं. आत थोडी दमट हवा असली तर काचेला आतून दव धरतं. आधी सावलीत निवू द्या. चावी आवळण्याआधी तिच्या आट्यांत माती नाही ना ते पाहा. तिथे अडकलेला एक खडा गॅस्केट कापतो. दर दोन वर्षांनी दाब तपासून घ्या.

हादऱ्याचं म्हणाल तर पाणी देणं, पाईप उचलणं याने काही होत नाही. कुऱ्हाडीने लाकूड फोडताना आणि सबलीने खड्डा खणताना मात्र काढून ठेवा. मोटरच्या स्टार्टर पेटीला किंवा स्पीकरला टेकवून ठेवू नका. केसासारखी स्प्रिंग चुंबकीय झाली की घड्याळ एकाएकी पुढे पळायला लागतं. तसं झालं तर घाबरू नका, डीमॅग्नेटायझर नावाच्या छोट्या यंत्राने ते क्षणात निघतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. फवारणीला घड्याळ घालूच नका, आणि नायलॉनचा पट्टा तर मुळीच नको. औषध त्यात मुरतं आणि दिवसभर कातडीला लागून राहतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे जीव गेले ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. रबरी पट्टा घ्या, साबणाने धुता येतो.

आता बेझलची युक्ती. स्प्रिंकलर तीन तास चालतो आणि बेझल साठच मिनिटं मोजते, ही अडचण येईल. तेव्हा त्रिकोण मिनिट काट्यासमोर न लावता तास काट्यासमोर लावा. मग बेझलवरची दर पाच मिनिटांची खूण म्हणजे एक तास. काटा 15 वर आला की तीन तास झाले.

एक मात्र विचारतो. झाकण उघडायला नको हेच कारण असेल तर सिटिझनचं इको-ड्राइव्ह का नाही? प्रोमास्टर बीएन0150 उजेडावर चालतं, 200 मीटरचं आहे, पूर्ण भरलं की अंधारातही महिनोन्महिने थांबत नाही आणि वेळ ऑटोमॅटिकपेक्षा कितीतरी अचूक देतं.

धागाकर्ता:

भाऊ, मनापासून आभार. तास काट्याची युक्ती काल रात्री कागदावर घड्याळ काढून पाहिली, अगदी बरोबर बसते.

इको-ड्राइव्हचं तुमचं म्हणणं खरं आहे आणि झाकणाच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. तरी मला ऑटोमॅटिकच हवं आहे. बाबांकडे एचएमटी जनता आहे आणि ते रोज सकाळी तिला चावी देतात. एचएमटीने 1961 साली बंगळुरात सिटिझनच्याच सहकार्याने घड्याळं बनवायला सुरुवात केली आणि 2016 मध्ये ते काम थांबलं. इतक्या वर्षांनीही बाबांचं घड्याळ गावातल्या म्हाताऱ्या कारागिराला साफ करता येतं, कारण आत चाकं आणि स्प्रिंग आहेत. आपल्या हाताच्या हालचालीवर चालणारी वस्तू मला आवडते, आणि तेवढ्यासाठी दिवसाचे वीस सेकंद सोडायला मी तयार आहे.

तर कामासू जवळपास ठरलं. रविवारी नागपूरला सीताबर्डीत जाऊन हातात घालून बघतो. व्यासापेक्षा कानापासून कानापर्यंतची (पट्टा अडकतो त्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची) लांबी महत्त्वाची असं वाचलं, कामासूची 47 मिलिमीटरच्या आत आहे, म्हणजे साडेसहा इंची मनगटावर बसायला हवं. स्टीलची साखळी काढून 22 मिलिमीटरचा रबरी पट्टा तिथेच लावून घेईन.

आता एकच राहिलं. नागपूर किंवा अमरावतीत पाण्याचा दाब खरोखर यंत्रावर तपासून देणारा, आपल्या समोर तपासणारा कोणी कारागीर माहीत असेल तर भाग सांगा. रात्रपाळीचा आठवडा संपला की एसटीने येऊन आधी भेटतो, घड्याळ मग घेतो.