शाळेच्या सहलीत बघितलेल्या जागा अन् सोबतची पोरं, तुम्हाला कोणती आठवते?

तेरणाकाठचा
मंडळी, आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, एरवी नुसतं गुड मॉर्निंग अन् सोयाबीनचे भाव, पण परवा एकानं नळदुर्गच्या किल्ल्याचा फोटो टाकला अन् मग रात्री उशिरापर्यंत कुणी झोपलंच नाही. आमच्या घरात फिरणं म्हणजे तुळजापूर, पंढरपूर नाहीतर कुणाचं तरी लग्न. नुसता किल्ला बघायला पैसे घालायचे हे बापाच्या डोक्यातच शिरत नव्हतं, सर घरी येऊन ओसरीवर बसून राहिले तेव्हा कुठं हो म्हणाला. दोन-तीन पोरांचे पैसे कुणी भरले ते आम्हाला आजवर कळलेलं नाही (अंदाज आहे).

बाकी शाळा डिसेंबरात सहल काढायच्या, आमचे सर भर पावसाळ्यात घेऊन गेले, कारण नळदुर्गला मजा तेव्हाच. बोरी नदीला किल्ल्यातच बंधारा घातलाय अन् त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातला. नर अन् मादी दोन्ही धबधबे सुरू असले की आतल्या खोलीत खिडकीशी उभं राहायचं अन् डोळ्यासमोर नदी कोसळताना बघायची. आवाज एवढा की सरांनी आख्खी आदिलशाही आम्हाला हातवारे करून शिकवली.

आता बॅच परत भेटायलीय, सरांना सोबत न्यायचंय. पण त्यांचे गुडघे गेलेत. नळदुर्गच करावं का वेरूळ-दौलताबाद का जवळ तेर? अन् तुमच्या सहलीचंही सांगा.

लोहाऱ्याची लेक
दादा, मी वेरूळ म्हणेन, पण माझं कारण वेगळंय.

आमची सहल किल्लारीच्या भूकंपानंतरची. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाची रात्र उलटून पहाटे झालेला, आपल्याकडच्यांना वेगळं सांगायला नको. शाळा पत्र्याच्या शेडात भरायची अन् वर्गात काही बाकं रिकामीच राहिली होती. कुणी म्हणलं आता कसली सहल, लोकांच्या घरात सुतक. बाईंनी तरी काढली.

वेरूळला गेलो तर लेण्याच्या तोंडाशी आमच्यातल्या एकीनं पाय रोवले. डोक्यावर दगड आहे, मी आत येणार नाही. तिला बघून आम्ही सगळ्याच थांबलो, कारण खरं तर सगळ्यांच्याच पोटात गोळा आलेला, त्या वर्षी आम्ही कुणीच भिंतीला टेकून बसत नव्हतो. बाई रागावल्या नाहीत. तिथंच खाली बसल्या अन् म्हणाल्या, आपल्या घरांच्या भिंती दगड-मातीच्या रचलेल्या होत्या, वरून माळवदाच्या मातीचं ओझं, म्हणून दगड निसटले. इथं रचलेलं काहीच नाही, आख्खा डोंगर एकच दगड आहे, त्यातून नको तेवढं काढून टाकलंय. मग कैलास दाखवला, वरून खाली कोरत आणलेला, राष्ट्रकूटांच्या कृष्ण राजाच्या काळात, आठव्या शतकात. निसटायला जोडच नाही म्हणल्यावर ती उठली. आम्ही एकमेकींच्या ओढण्या धरून आत गेलो. तिनं खांबाला हात लावला, मग पाठ टेकली, मग आम्ही सगळ्या टेकून बसलो अन् दशम्या तिथंच सोडणार होतो तर चौकीदार ओरडला 😄

नंतर मोठमोठी ठिकाणं नवऱ्यासोबत बघितली. पण त्या पोरी सोबत नसत्या तर मला नाही वाटत मी त्या वर्षी कुठल्या छपराखाली निवांत बसले असते. बाई आता नाहीत. म्हणून म्हणते, तुमचे सर आहेत तोवर न्या.

दुधनेचं पाणी
ताई 🙏 वाचून गलबलून आलं.

आमचं कॉलेज जालन्याकडचं, बीएस्सीला असताना लोणारला गेलो होतो. जिल्हा बुलडाणा म्हणून विदर्भात धरतात, पण मंठ्यावरून जवळच की. बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं सरोवर. मॅडमनी प्रत्येकाच्या हातात लाल लिटमसची पट्टी दिली, पाण्यात बुडवली की निळी, पाणी अल्कलीचं ना. वर्गात हे शंभरदा घोकलेलं, पण तिथं उकिडवं बसून स्वतः पट्टी बुडवली अन् रंग चढताना बघितला तेव्हा माझ्या डोक्यात केमिस्ट्री शिरली. सासू-सुनेच्या विहिरीवरून पोरींनी पोरांची जी उडवली ती वेगळीच. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळं, तर बातमी बघताच आमच्यातले सगळे एकमेकांना फोन करायलेत, जसं काय घरचंच सरोवर आहे.

खडकी_ते_क्रांतीचौक
भावनेच्या भरात सरांना दौलताबादला नेऊ नका म्हणजे झालं. चांदमिनारपर्यंत ठीक, पुढं अंधारीतला, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारातला रस्ता वळणाचा, पायऱ्या उंचसखल, वटवाघळांचा वास. धडधाकट माणूस बसतो मधीच. वेरूळ करायचं तर मंगळवार सोडून, त्या दिवशी लेणी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. लातूर-धाराशिवकडून येणाऱ्या लोकांची यात हमखास फजिती होते, गेटावर बघतो ना मी. १६ नंबरचं लेणं, म्हणजे ताईंचं कैलास, खालून बघायला फार चढउतार नाही, सरांना जमेल.

पण खरं सांगू का, तुमच्यासाठी तेरच बरं. लामतुरे संग्रहालयात ती हस्तिदंती बाहुली आहे, तगर नगराचा (तेरचंच जुनं नाव) रोमशी व्यापार चालायचा त्या काळातली, आपल्यातल्या निम्म्यांनी बघितलेली नसते. विटांचं त्रिविक्रम मंदिर आहे, गोरोबाकाकांचं दर्शन होतं. सगळं सपाटीवर.

तेरणाकाठचा
ताईंचा मेसेज ग्रुपवर टाकला, आमच्यातलेही दोघं सास्तूरकडचे, त्याच भूकंपाच्या पट्ट्यातले आहेत, त्यांनी काहीच लिहिलं नाही पण दोघांनीही लगेच येतो म्हणून कळवलं.

सरांना विचारलं. म्हणाले तेर करा, पण नळदुर्ग सोडायचं नाही, मी बंधाऱ्यावर खुर्ची टाकून बसतो, तुम्ही उपळी बुरूज चढा अन् वरून काय काय दिसतंय ते मला येऊन सांगा, न सांगता आलं तर परत चढायला लावीन. पावसाळा ठरलाय. धबधबे सुरू झाले की कळवा म्हणून नळदुर्गच्या एका दोस्ताला सांगून ठेवलंय, इथं अजून कुणी तिकडचं असंल तर सांगा, दुपारच्या जेवणाची सोय बघायचीय, तीसेक माणसं होतील.