मिठागरातला सपाट रस्ता आणि लगेच डोंगर: एकाच सायकलवर कसं जमवायचं?

रानवाट विचारतात:

८५ किमीचा एक फेरा ठरवतो आहे. त्यातले ३२ किमी मिठागरांमधून जातात. रस्ता अरुंद, डांबरी आणि अगदी सपाट आहे, दोन्ही बाजूंना वाफे आणि अधूनमधून रस्त्यावर आलेलं खारं पाणी. उरलेल्या भागात डोंगर आहेत. एकूण चढाई ९०० मीटर, बहुतेक चढ ५ ते ६ टक्क्यांचे, पण दोन ठिकाणी सलग दीड किमी ८ टक्के आणि मध्ये थोडा तुकडा १० टक्के. फेरा कुठल्याही दिशेने करता येतो, कारण सुरुवात डोंगराच्या पायथ्याशी आहे.

सायकल डिस्क ब्रेकची, शिमानो १०५ आर७००० मालिका, ११ स्पीड. पुढच्या चेनरिंगना ५०-३४ दाते, मागच्या कॅसेटला (दातेरी चाकांच्या संचाला) ११-२८. टायर २८ मिमी, आत ट्यूब. चाकांचे दोन जोड आहेत: ५० मिमी खोल कार्बन रिम आणि २४ मिमीचे साधे अॅल्युमिनियम. माझं वजन ७२ किलो, सायकल, पाणी, हत्यारं धरून एकूण ८४.

विचारायचं ते असं. फेरा कुठल्या दिशेने करावा? कॅसेट बदलावी का? कुठली चाकं घ्यावीत? आणि खाऱ्या पाण्याचं नेमकं काय करायचं? शेवटच्या प्रश्नावर "घरी आल्यावर धुऊन टाका" यापेक्षा जास्त कुणी सांगत नाही.

चढउतार:

गिअरपासून सुरुवात करतो, कारण तिथे सरळ हिशोब मांडता येतो.

८४ किलो वजन ८ टक्क्यांच्या चढावर ३४-२८ गिअरमध्ये (पुढे ३४, मागे २८ दाते) ६० च्या केडन्सने (मिनिटाला पेडलचे ६० फेरे) न्यायचं तर वेग ताशी ९.३ किमी येतो आणि पेडलवर सुमारे १९० वॉट लागतात. तीच केडन्स ३४-३४ गिअरमध्ये ठेवली तर वेग ७.७ आणि ताकद सुमारे १५५ वॉट. १० टक्क्यांच्या तुकड्यावर ३४-३४ लाही १९० च्या आसपासच लागतील. म्हणजे ३४ दात्यांचा कॉग (मागचं दातेरी चाक) १० टक्क्यांचा चढ ८ टक्क्यांइतका सोपा करतो. १९० वॉट तुम्ही तासभर आरामात देऊ शकत असाल तर २८ चालेल. नसाल तर केडन्स ४५-५० वर घसरते, गुडघ्यावर भार येतो आणि दुसऱ्या चढाला पाय संपतात. माझं मत: ११-३४ बसवाच.

बसवण्याआधी रिअर डिरेलरचा (मागे चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) मॉडेल क्रमांक बघा. शेवटी एसएस असेल तर तो आखूड पिंजऱ्याचा: कमाल कॉग ३०, एकूण क्षमता (पुढच्या आणि मागच्या दात्यांमधले जे फरक तो सामावतो त्यांची बेरीज) ३५. जीएस असेल तर कमाल ३४, क्षमता ३९. तुमच्या ५०-३४ आणि ११-३४ मधल्या फरकांची बेरीज १६ + २३ = ३९, म्हणजे जीएसवर बरोबर बसते आणि एसएसवर अजिबात नाही. एसएस असेल तर ११-३० वर थांबा (१६ + १९ = ३५). "चालून जातं" म्हणून एसएसवर ३४ लावतात, मग डिरेलरचं वरचं छोटं चाक (जॉकी व्हील) कॉगला घासतं.

जीएस असेल तरी आणखी तीन गोष्टी आहेत. शिमानोची ११-३४ ची ११ स्पीड कॅसेट (एचजी७००) रोडच्या ११ स्पीड फ्रीहबवर (चाकाच्या ज्या भागावर कॅसेट बसते तिथे) बसवताना मागे १.८५ मिमीचा स्पेसर लागतो. तो विसरला तर लॉकरिंग पूर्ण आवळूनही कॅसेट हलत राहते. दुसरं, जुनी चेन आखूड पडते. चेन डिरेलरमधून न घेता पुढच्या मोठ्या चेनरिंगवरून आणि मागच्या सर्वांत मोठ्या कॉगवरून गुंडाळा. दोन्ही टोकं जिथे जुळतात त्यापेक्षा किमान दोन लिंक जास्त हव्यात. आखूड चेनने चुकून ५०-३४ लागला तर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकतो किंवा डिरेलरच उखडतो. तिसरं, बी-टेन्शन स्क्रू (जॉकी व्हील आणि कॉगमधलं अंतर ठरवणारा) नव्याने जुळवा.

चाकं २४ मिमीची घ्या. मिठागरात झाड नाही, भिंत नाही, वारा थेट बाजूने येतो. पुढचं ५० मिमीचं रिम झोताबरोबर हँडल ओढतं आणि अरुंद रस्त्यावर एका बाजूला पाणी असताना ती ओढ सांभाळायची गरज नाही.

हवा पुढे ६५ ते ६८ पीएसआय, मागे ७० ते ७३. रिम हुकलेस (आतल्या कडेला टायर धरणारं वळण नसलेलं) असेल तर ७२.५ (५ बार) ही कमाल मर्यादा, आणि टायरही त्या रिमसाठी मान्य असलेलाच हवा.

खारावारा:

दिशेबद्दल. इथे समुद्राकडचा वारा कधी सुटतो यावर सगळं ठरतं.

निरभ्र दिवशी जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, म्हणून सकाळ कलल्यावर समुद्राकडून जमिनीकडे वारा वाहू लागतो, दुपारी त्याचा जोर सर्वांत जास्त असतो आणि सूर्यास्ताच्या सुमारास तो पडतो. पहाटे हवा स्थिर असते, फार तर जमिनीकडून हलकी झुळूक. त्यामुळे उजाडताच निघून मिठागर आधी उरकायचं. पुढे वारा सुटला की तो पाठीशी घेऊन डोंगराकडे वळता.

उलट केलंत तर काय होतं ते आकड्यांत बघा. ताशी २५ किमी वेगाने जाताना समोरून २० चा वारा आला तर अंगावर ४५ चा वारा लागतो. तोच वेग टिकवायचा तर हवेला कापायला लागणारी ताकद सव्वातीन पट होते. कुणीच ती देत नाही, मग वेग १६-१७ वर येतो आणि ३२ किमीला दोन तास लागतात. सपाटीवर उतार नसल्याने पेडल थांबवायला जागाही नसते. दर १०-१५ मिनिटांनी हात हूडवरून (ब्रेकच्या मुठींवरून) ड्रॉपवर (हँडलच्या खालच्या वळणावर), ड्रॉपवरून वर न्या, नाहीतर करंगळी बधिर होते.

गटात असाल तर बाजूच्या वाऱ्यात सरळ मागे राहून आडोसा मिळत नाही. वारा उजवीकडून असेल तर पुढच्याच्या किंचित डावीकडे मागे राहावं लागतं, म्हणजे रांग तिरकी होते. अरुंद रस्त्यावर अशी रांग तिघांपुरतीच लावा. रस्ता पूर्ण अडवू नका, मिठाच्या गाड्या त्याच रस्त्याने येतात.

चढउतार:

खारावारा यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, पण एक अपवाद मला महत्त्वाचा वाटतो. चढावर वेग ताशी ८ किमी आणि पाठीवरचा वारा ८-१० चा असेल तर अंगाला वारा लागतच नाही. घाम वाळत नाही आणि शरीर तापत जातं. त्यात वेळ दुपारची. तापमान ३२-३३ अंशांच्या वर जाणार असेल तर मी डोंगर आधी उरकेन आणि मिठागरात समोरचा वारा सोसेन. वाऱ्याने फक्त वेळ जातो, उष्माघातात जीव धोक्यात येतो. थंड दिवसांत मात्र त्यांचीच दिशा बरोबर.

तेलपाणी:

मिठाबद्दल कुणी नीट सांगत नाही म्हणालात, म्हणून सविस्तर लिहितो.

समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण साडेतीन टक्के असतं. मीठ धरण्याच्या वाफ्यात ते २६ टक्क्यांच्या आसपास पोचलेलं असतं. म्हणजे तिथला एक शिंतोडा समुद्राच्या शिंतोड्यापेक्षा सातपट खारट. त्यात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते अगदी कोरड्या हवेतूनही ओल ओढतात. शुद्ध मीठ ७५ टक्के आर्द्रतेला पाझरू लागतं, मॅग्नेशियम क्लोराइड ३३ टक्क्यांनाच. म्हणून सायकल वाळलेली दिसली तरी फटींमध्ये पाण्याचा पातळ थर राहतो आणि गंजणं रात्रभर चालू असतं. दुसऱ्या दिवशी धुण्यात अर्थ नाही तो यामुळे.

दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटलेले असतील तिथे नुकसान सर्वांत जास्त: स्टीलच्या स्पोकवरचे अॅल्युमिनियम निपल (स्पोक रिमला आवळणारे नट), अॅल्युमिनियमच्या फ्रेममधले स्टीलचे बोल्ट, कार्बन फ्रेममधला अॅल्युमिनियमचा सीटपोस्ट. दरवेळी झिजतं ते अॅल्युमिनियम. पांढरी भुकटी दिसली की समजा सुरू झालं.

जाण्याआधी बॉटल केज, क्लीट (बुटाखालची पेडलची पकड) आणि डिरेलर हँगरच्या बोल्टना आणि थ्रू-अॅक्सलला (चाकाच्या आसाला) ग्रीस लावा. सीटपोस्ट काढून पुसा. दोन्ही भाग धातूचे असतील तर ग्रीस, एकही कार्बन असेल तर कार्बन पेस्ट. हेडसेटचं (हँडल फिरतं त्या सांध्याचं) खालचं बेअरिंग काढता येत असेल तर त्याच्याभोवती ग्रीसचा जाड थर द्या. पुढच्या चाकाचा सगळा फवारा तिथेच बसतो.

वाटेत, मिठागर संपून डोंगर सुरू होण्याआधी, एक लिटर साधं पाणी सायकलवर ओता. आधी चेन आणि कॅसेट, मग ब्रेक कॅलिपर, रोटर, शेवटी हेडसेटचा खालचा भाग. मग सपाटीवरच दोन्ही ब्रेक आठ-दहा वेळा दाबून रोटर कोरडे करा. खारट थर घेऊन उतारावर गेलात तर पहिल्या दोन वळणांना ब्रेक उशिरा पकडतो.

घरी आल्यावर आधी नुसतं पाणी, साबण नंतर. मीठ थंड पाण्यातही गरम पाण्याइतकंच विरघळतं, त्यामुळे पाणी तापवू नका. भरपूर पाणी हलक्या धारेने सोडा. प्रेशर वॉशर बेअरिंगमध्ये खारं पाणी ढकलतो. निपल, क्लीट आणि फ्रेमच्या तळाची भोकं विसरू नका. मग साबणाने वंगणाची घाण काढा, पुन्हा पाणी, फडक्याने पुसा, चेन पूर्ण वाळू द्या. प्रत्येक रोलरवर तेलाचा एक थेंब, दहा मिनिटं थांबा, बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. रोटरवर तेलाचा शिंतोडा जाता कामा नये, गंज रोखणारा स्प्रे तर त्या बाजूला नेऊच नका.

आणि बांधांवर सायकल घालू नका. वरचा पापुद्रा कोरडा दिसतो, खाली चिकट चिखल असतो. तो ब्रिजपाशी (चाकाजवळच्या फ्रेमच्या आडव्या नळीपाशी) साचून चाक अडवतो, आणि मातीचा बांध खचला तर वाफ्याचं पाणी जातं, मिठागरवाल्यांच्या कामाचं नुकसान होतं.

रानवाट:

डिरेलर जीएस आहे, म्हणजे ११-३४ नक्की. चेनवर सध्या मेण आहे, ते चालेल का? आणि एवढ्या उन्हात पाणी किती न्यावं? मिठाच्या स्फटिकांनी टायर कापतात असंही ऐकलं.

तेलपाणी:

मेण कोरड्या रस्त्यावर उत्तम, पण ते बाहेरच्या प्लेटांना गंजापासून फारसं वाचवत नाही आणि ओलं झाल्यावर लगेच पुन्हा लावावं लागतं. या फेऱ्याला ओल्या हवेसाठीचं तेल बरं. मात्र मेणावर तेल घालू नका. आधी उकळत्या पाण्याने मेण काढा आणि चेन वाळवून मगच तेल. त्याच वेळी चेन मोजा. ११ स्पीडला ०.५ टक्के ताण (चेनची वाढलेली लांबी) दिसला तर बदला, नाहीतर नवी कॅसेट जुन्या चेनने झिजेल.

स्फटिक टायर कापत नाहीत, मीठ फार मऊ असतं. पंक्चर होतं ते फुटक्या शिंपल्यांनी आणि कडेच्या काट्यांनी. दोन ट्यूब घ्या. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून टोक शोधा.

खारावारा:

पाणी ताशी ५०० ते ७५० मिली, उकाड्यात वरची मर्यादा धरा. दर लिटरला पाव चमचा मीठ टाकलं तर ५५०-६०० मिलिग्रॅम सोडियम मिळतं, ते पुरेसं आहे. मिठागरात प्यायचं पाणी मिळेल असं धरू नका. दोन ७५० मिलीच्या बाटल्या पिण्याच्या आणि सायकल धुण्याचं लिटरभर वेगळं. बाटलीचं तोंड झाकणाऱ्या टोप्या लावा, नाहीतर प्रत्येक घोटाबरोबर वाफ्यातलं पाणी तोंडात जातं.

पांढऱ्या वाफ्यांवरून ऊन खालूनही येतं, म्हणून सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावा. चष्मा श्रेणी ३ चा (गडद काचेचा) घ्या. पोलराइज्ड असेल तर काही सायकल कॉम्प्युटरचा पडदा काळा दिसतो, तेवढं निघण्याआधी तपासा.