उट्रेख्तच्या लुनेटन वस्तीत सदनिका: कमी मासिक वर्गणीचे घर खरोखर स्वस्त असते का?

प्रश्न (आम्स्टलफेनची भाडेकरू, २०२५):

आम्ही पती-पत्नी सध्या आम्स्टलफेनमध्ये भाड्याने राहतो आणि दोघांच्याही नोकऱ्या उट्रेख्तमध्ये आहेत. मुलगी चार वर्षांची होऊन शाळेत जाऊ लागण्यापूर्वी स्वतःचे घर घ्यावे, आणि ते शेजारी एकमेकांना ओळखत असतील व खिडकीतून झाडे दिसतील अशा वस्तीत असावे, अशी आमची इच्छा आहे. उट्रेख्तच्या आग्नेयेकडील लुनेटन आम्हाला मनापासून आवडले आहे. ज्यांच्यावरून वस्तीला नाव मिळाले ते एकोणिसाव्या शतकातले चार लहान किल्ले तिच्या कडेलाच आहेत. शत्रूला रोखण्यासाठी जमीन पाण्याखाली आणण्याच्या ज्या संरक्षण रेषेचा ते भाग आहेत, तिला २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. वस्तीला स्वतःचे रेल्वे स्थानक आहे, आणि आत पायवाटा, सायकलचे रस्ते व भरपूर हिरवळ आहे.

आता दोन सदनिकांपैकी एक निवडायची आहे. पहिली चोवीस घरांच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. तिची मागणी किंमत ३,४५,००० युरो, ऊर्जा-दर्जा ‘डी’ आणि मालकसंघाची, म्हणजे व्हीव्हीईची, मासिक वर्गणी केवळ १२० युरो आहे. दुसरी तेवढ्याच आकाराची असून तिची किंमत ३,६५,०००, ऊर्जा-दर्जा ‘बी’ आणि वर्गणी २४५ युरो आहे. वरवर पाहता पहिली सरळसरळ परवडते. मी ३४ वर्षांची आहे आणि माझे पती ३७ वर्षांचे. पहिली घेण्यात काही धोका आहे का, आणि एखाद्या वस्तीतला शेजार खरोखर किती घट्ट आहे हे घर घेण्यापूर्वी कसे ओळखावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (मालकसंघाचा माजी खजिनदार):

तुमच्या प्रश्नाचे उत्तर १२० या आकड्यातच आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

आपल्याकडे महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्था इमारतीची मालक असते आणि आपण तिचे सभासद असतो. नेदरलँड्समध्ये तुम्ही संपूर्ण इमारतीतला एक हिस्सा आणि त्यासोबत एका सदनिकेच्या वापराचा एकट्याचा हक्क विकत घेता. त्यामुळे छप्पर, बाहेरच्या भिंती, जिना आणि पाया हेही तुमचे होतात, आणि त्यांच्या दुरुस्तीचा खर्चही. नोटरीकडे दस्त झाला की तुम्ही आपोआप मालकसंघाचे सभासद होता आणि त्यातून बाहेर पडता येत नाही.

१ जानेवारी २०१८ पासूनच्या कायद्यानुसार प्रत्येक निवासी मालकसंघाने दुरुस्तीसाठी राखीव निधी बाजूला ठेवणे बंधनकारक आहे. त्यासाठी एकतर पुढच्या किमान दहा वर्षांचा देखभाल आराखडा करून त्याप्रमाणे रक्कम ठरवावी लागते, नाहीतर इमारतीच्या पुनर्बांधणी मूल्याच्या ०.५ टक्के रक्कम दरवर्षी जमा करावी लागते. चोवीस घरांच्या इमारतीचे हे मूल्य ४८ लाख युरो धरले, तर वर्षाला २४,००० युरो, म्हणजे प्रत्येक घरामागे सारखा वाटा मानल्यास महिन्याला सुमारे ८३ युरो केवळ राखीव निधीतच जायला हवेत. उरलेल्या ३७ युरोंमध्ये इमारतीचा विमा, जिन्यातली वीज, साफसफाई, हिशेबनीस आणि किरकोळ दुरुस्त्या हे सारे बसते, यावर माझा सहजासहजी विश्वास बसत नाही. बहुधा राखीव निधीलाच कात्री लागत असावी.

त्याचा परिणाम छप्पर बदलण्याच्या वर्षी दिसतो. समजा छप्पर आणि मोकळ्या सज्जांचे मिळून काम ३,६०,००० युरोंचे निघाले आणि निधीत काहीच नसले, तर प्रत्येक घराच्या वाट्याला १५,००० युरो येतील, आणि मागच्या मालकाने वीस वर्षे भरलेली कमी वर्गणी तुम्ही एका वर्षात भरून काढाल. सज्जांचा उल्लेख मुद्दाम केला. २०११ मध्ये लेउवार्डनमधल्या एका इमारतीचे सज्जे कोसळले आणि त्यानंतर तशा बांधणीच्या जुन्या इमारतींची तपासणी सक्तीची झाली. तुमची इमारत त्या जुन्या इमारतींनंतरच्या काळातली असली, तरी काँक्रीटची शेवटची पाहणी केव्हा झाली हे विचारण्यात संकोच करू नका.

दलालाकडून तीन गोष्टी लेखी मागवा: देखभाल आराखडा, राखीव निधीतली आजची शिल्लक आणि मागच्या तीन वार्षिक सभांची इतिवृत्ते. शिवाय जुन्या मालकाची चालू व मागील आर्थिक वर्षाची थकबाकी नव्या मालकाकडूनही वसूल करता येते, त्यामुळे नोटरी मालकसंघाकडून घेत असलेले थकबाकीचे पत्र सही करण्यापूर्वी नीट वाचा.

उत्तर २ (कर्जाच्या व्यवहारात काम करणारी):

वरचे विवेचन मला पूर्ण पटते. मी फक्त तुमच्या वयाचा आणि कर्जाचा हिशेब मांडते.

स्वतः राहण्यासाठी घर घेणाऱ्यास हस्तांतरण कर २ टक्के असतो. १८ ते ३४ वयाच्या व्यक्तीला तो आयुष्यात एकदा माफ होतो, आणि २०२५ मध्ये त्यासाठी घराच्या किमतीची मर्यादा ५,२५,००० युरो होती. माफी व्यक्तीगणिक असल्यामुळे अर्धा-अर्धा हिस्सा घेतल्यास तुमचा कर शून्य होईल, आणि दुसऱ्या सदनिकेसाठी तुमच्या पतींना १,८२,५०० युरोंवर ३,६५० युरो भरावे लागतील. मात्र करारावर सही केली तो दिवस यासाठी धरला जात नाही, नोटरीकडे हस्तांतरण झाले तो दिवस धरला जातो. तुमचा पस्तिसावा वाढदिवस जवळ असेल, तर हस्तांतरणाची तारीख त्याआधीची ठरवून घ्या.

दोन्ही किमती राष्ट्रीय गृहकर्ज हमीच्या २०२५ मधल्या ४,५०,००० युरोंच्या मर्यादेत होत्या. हमीचे शुल्क २०२५ मध्ये कर्जाच्या ०.४ टक्के होते, आणि हमीमुळे व्याजदर सहसा थोडा कमी मिळतो. उत्पन्नावर मिळणाऱ्या कर्जात ‘डी’ दर्जाच्या घराला ५,००० युरोंची आणि ‘बी’ दर्जाच्या घराला १०,००० युरोंची वाढ मिळू शकते. किमतीतला २०,००० युरोंचा फरक तीस वर्षांच्या कर्जात ४ टक्क्यांनी महिन्याला सुमारे ९५ युरो होतो, म्हणजे वर्गणी धरून दुसरे घर महिन्याला २२० युरोंनी महाग दिसते. यातून गॅसच्या बिलातली बचत आणि पहिल्या इमारतीत पुढे वाढणारी वर्गणी वजा करा, मग हे अंतर बरेच कमी होईल. कर्ज घराच्या मूल्यांकित किमतीइतकेच मिळते, त्यामुळे कर, नोटरी, मूल्यांकन आणि मागणीपेक्षा चढी लावलेली बोली मूल्यांकनाच्या वर गेली तर तो फरक, हे सारे स्वतःच्या बचतीतून द्यावे लागते.

उत्तर ३ (कुलेम्बोर्खचा रहिवासी):

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहितो. उट्रेख्तच्या दक्षिणेकडील कुलेम्बोर्ख या लहान शहरात स्थानकालगत इव्हा-लांक्समेर ही वस्ती आहे. नव्वदच्या दशकात तिच्या आखणीत भावी रहिवासी सुरुवातीपासून सहभागी होते. तिथे घरे अंगणांभोवती रचलेली आहेत, मधल्या बागांना कुंपणे नाहीत, मोटारी कडेला उभ्या राहतात, आणि वस्तीतल्या हिरवळीची निगा रहिवासी त्यासाठी स्थापन केलेल्या संस्थेमार्फत स्वतः राखतात. तिथला शेजार घट्ट आहे याचे मुख्य कारण मला हेच वाटते की लोकांना एकत्र करण्याजोगे काम आहे. स्वस्त सदनिका तिथे क्वचितच विक्रीला येते, म्हणून तुम्हाला तिकडे या असे मी म्हणत नाही.

लुनेटनमध्येही हेच शोधा. इमारतीमागची बाग कंत्राटदार सांभाळतो की रहिवासी, वार्षिक सभेला किती जण येतात आणि मालकसंघाच्या कार्यकारिणीत भाडेकरू ठेवून दूर राहणारे मालक आहेत की तिथेच राहणारे, एवढे कळले तरी बरेच कळते. शनिवारी सकाळी बागेत काम करणाऱ्या माणसाशी डचमध्ये चार वाक्ये बोला. व्याकरण चुकले तरी चालेल, कारण सभा आणि इतिवृत्ते पुढे डचमध्येच असणार आहेत आणि त्यात भाग घेतल्याशिवाय तुम्ही तिथले होणार नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर:

सर्वांची मनापासून आभारी आहे. दोन्ही इमारतींची इतिवृत्ते मिळाली. पहिलीत वर्गणी वाढवण्याचा ठराव सलग तीन सभांमध्ये फेटाळला गेला आहे, आणि दोन सभांना गणसंख्याही पुरी झाली नव्हती. दुसरीत छताचे उष्णतारोधन झाले आहे, निधीत पुरेशी शिल्लक आहे, आणि मागच्या बागेत कोणती फळझाडे लावावीत यावर इतिवृत्ताचे दीड पान खर्च झाले आहे. ते पान वाचून आमचे मत दुसऱ्या घराकडे झुकले. बोली लावण्यापूर्वी आणखी काय पाहावे?

उत्तर ४ (लुनेटनची जुनी रहिवासी):

आवाज ऐकून घ्या. आमची वस्ती ए-१२ आणि ए-२७ या महामार्गांच्या व लोहमार्गांच्या मध्ये आहे. वारा कोणत्या दिशेने वाहतो यावर पूर्वेकडच्या घरांतली शांतता अवलंबून असते, म्हणून कामाच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास शयनगृहाची खिडकी उघडायला सांगा. ए-२७ पलीकडचे आमेलिसवेर्डचे जंगल ही इथल्या लोकांची आवडती जागा आहे. त्या रस्त्यासाठी १९८२ मध्ये विरोध डावलून तिथली झाडे तोडली गेली, आणि रस्ता आणखी रुंद करण्याचा वादही वर्षानुवर्षे चालू आहे. पूर्वेकडचे घर घेणाऱ्याने ही पार्श्वभूमी जाणून घ्यावी.

बोलीच्या बाबतीत, कर्ज न मिळाल्यास करार रद्द करण्याची अट काढून टाका म्हणजे तुमची बोली उजवी ठरेल, असे तुम्हाला सुचवले जाईल. दोघांच्याही नोकऱ्या आणि निवास-परवाने पक्के नसतील, तर ती अट सोडू नका, कारण त्यानंतर माघार घेतल्यास साधारणपणे किमतीच्या १० टक्के दंड होतो. दोन्ही पक्षांनी सही केलेल्या कराराची प्रत हाती आल्यावर विचार बदलण्यासाठी कायद्याने तीन दिवस मिळतात. त्या तीन दिवसांत विभाजनाचा दस्त, म्हणजे इमारतीची सदनिकांत व सामाईक भागांत कायदेशीर विभागणी करणारा दस्त, डच जाणणाऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या. बाग सामाईक आहे की तळमजल्यावरच्या मालकांची, हे त्यातच लिहिलेले असते.