गुलाल नेमका कुणाचा?
एकाने विचारलंय की 'गुलाल आमचाच' या मथळ्यात रंगाचा काय संबंध. निवडणुकीच्या बातम्यांत गुलाल म्हणजे थेट विजय. 'यंदा गुलाल कुणाचा', 'गुलालाआधीच फटाके', सगळं त्याच अर्थाने. बैलगाडा शर्यतीतही तेच: फायनल मारली की 'गुलाल घेतला'. बक्षिसाची रक्कम मागाहून विचारतात.

२७ जानेवारी २०२४ ला वाशीत मराठा आरक्षणाच्या अधिसूचनेच्या मसुद्यावर गुलाल उधळला गेला, तेव्हा तो मागणी पदरात पडल्याची खूण होता. पुढे अंमलबजावणीवरून वाद सुरूच राहिला, ते वेगळं.

मूळ मात्र देवाकडेच आहे. चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबरं उधळतात. पायऱ्या, शिखरं, माणसं, सगळं गुलाबी. जेजुरीला तो मान भंडाऱ्याचा, पंढरीला बुक्क्याचा. तरीही 'भंडारा कुणाचा' असा निकालाचा मथळा कुणी देत नाही. मला वाटतं, गणपती विसर्जन आणि गावची मिरवणूक यांतून गुलालच घरोघरी पोचला, म्हणून राजकारणानेही तोच उचलला.

आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या मतमोजणीआधी दोन्ही पॅनेल एकाच दुकानातून पोती आणतात. हरलेल्यांचं पोतं दुसऱ्या दिवशी गुपचूप परत येतं. दुकानदार घेतो, पण शिवण उसवलेली नसेल तरच! आणि जिंकलेल्यांचे पांढरे शर्ट चार धुण्यांनंतरही फिके गुलाबीच राहतात.